माकडाची खबर, मग बेडकाची का नाही?

आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात झाडांवर राहणारे दोन प्राणी भेटतात. टोपी माकड शोधावे लागत नाही. गाडीतले वेफर्सचे पाकीट कधी गेले तेही कळत नाही. मलबारी उडता बेडूक मात्र बॅटरी घेऊन शोधावा लागतो. हिरवागार, जेमतेम दहा सेंटिमीटरचा. बोटांमधले केशरी पडदे ताणून तो नऊ-दहा मीटर तरंगत जातो.

माकड फांदी मुठीत धरते, बेडूक बोटांच्या टोकांवरच्या चकत्यांनी पानाला चिकटतो. माकडीण एकच पिल्लू महिनोन् महिने पोटाशी वागवते. बेडकीण पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करून त्यात अंडी घालते. पिल्ले खाली पाण्यात टपकतात. पण डॉक्टरला महत्त्वाचा वाटावा असा फरक कातडीचा आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. थोडा श्वासही तिच्यातूनच घेतो. साहजिकच पाण्यातले फवारणीचे औषधही त्याच वाटेने आत जाते. (डास पळवणारे मलम लावलेल्या हातांनी त्याला पकडून फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.)

माकडाकडे आरोग्य खात्याचे लक्ष गेले ते 1957 पासून. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली आणि पुण्याच्या संशोधकांनी त्यामागचा विषाणू शोधला. 2016 मध्ये हाच माकडताप दोडामार्गातल्या काजूच्या बागांत पोहोचला. तो गोचीड चावून होतो आणि त्यावर नेमके औषध नाही. म्हणून रानात मेलेले माकड दिसले की ताबडतोब कळवा, असे गावोगाव सांगितले जाते. ते योग्यच आहे.

बेडूक कमी झाले तर कोणाला कळवायचे? कोस्टा रिका आणि पनामात बुरशीच्या रोगाने बेडूक झपाट्याने घटले आणि पाठोपाठ मलेरियाचे रुग्ण वाढले, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. डासांच्या अळ्या खाणारे कमी झाले, हे त्याचे संभाव्य कारण. कोकणात असेच होईल असे नाही. पण मोजलेच नाही, तर झाले तरी समजणार कसे?

डासअळ्या पाहायला आरोग्य सेवक गावात फिरतोच. त्याच फेरीत तळ्याकाठी फेसाची घरटी दिसली की नाही, एवढी एक ओळ लिहायला वेगळा कर्मचारी लागत नाही.