पोर ‘ढ’ आहे हे ठरवले कुणी?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे आईबापांची विचारणा सुरू होते. यंदा एकच प्रश्न दोन-तीन घरांतून आला. मुलगी म्हणते, बी.ए.ला मानसशास्त्र घेते आणि मग बी.एड. करते. बापाचे म्हणणे, मास्तरीणच व्हायचे तर मराठी-इतिहास घे, वेड्यांचे शास्त्र शिकून काय करणार? आई म्हणते, तीन आणि दोन मिळून पाच वर्षे, तोवर लग्नाचे काय? लग्नाचे मुलगी स्वतः सांगेल, तिला तोंड आहे. बापाच्या प्रश्नाला मात्र आम्ही उत्तर देतो.

मानसशास्त्र हे वेड्यांचे शास्त्र नव्हे. माणूस शिकतो कसा, विसरतो का, भितो का, चारचौघांत त्याची जीभ का अडखळते, हे पाहणारे ते शास्त्र आहे. शिक्षणशास्त्र सांगते की हे कळल्यावर साठ पोरांच्या वर्गात फळ्यापुढे उभे राहून करायचे काय. एकाला दुसऱ्याची गरज आहे. बी.एड.मध्ये मानसशास्त्राचा थोडा भाग असतोच, पण तेवढ्याने भागत नाही असे आमचे मत आहे.

ही जोडी आजची नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ज्यांच्या वर्गात ते बसले ते प्रा. जॉन ड्युई त्याआधी शिकागो विद्यापीठात होते. तिथे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र हे तिन्ही विषय त्यांच्याच देखरेखीखाली चालत. नुसत्या व्याख्यानांवर न थांबता ड्युईंनी १८९६ साली विद्यापीठातच लहान मुलांची शाळा काढली. मूल कसे शिकते हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. १९३६ सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी ड्युईंचे ऋण आपले शिक्षक म्हणून मान्य केले आहे.

पुढे त्याच कोलंबियात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय पतीपत्नींनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. आपल्याच रंगाची बाहुली त्या चिमुरड्यांना वाईट वाटली! काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला, त्यात क्लार्क यांच्या कामाचा हवाला आहे.

अमेरिका लांब राहिली. आपल्या देशातले ऐका. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधक बाईंनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. ‘वरच्या’ मानलेल्या जातींची ३२१ मुले आणि ‘खालच्या’ मानलेल्या जातींची ३२१ मुले. सुटेल त्या कोड्यामागे पैसे मिळणार होते. जातीचा उल्लेख केला नाही तेव्हा दोन्हीकडची मुले बरोबरीने चालली. मग दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव, आज्याचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखवली. ‘खालच्या’ म्हटलेल्या मुलांची कोडी तिथे कमी सुटली. कोडी तशीच, मुलेही तशाच घरांतली. बदलले काय, तर मोठ्याने उच्चारलेली जात. हा अभ्यास २००४ साली जागतिक बँकेने प्रसिद्ध केला.

आता आपल्या शाळेतला वर्ग आठवा. “स्कॉलरशिपवाल्यांनी उभे राहा!” बाई सहज म्हणतात, त्यांच्या मनात काही नसेलही. पोरे उभी राहतात, बाकीची माना वळवून बघतात, आणि पुढच्या तासाला गणिताची चाचणी असते. त्या चाचणीत पोर चुकले की प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, ‘लक्ष नाही’. घरी बाप चापट मारतो. पोराचे डोके तपासण्याआधी त्या तासाभरात काय घडले ते तपासायला हवे, हे ज्या शिक्षिकेला कळते ती यादी कार्यालयातून मागवून घेईल, कुणाला उभे करणार नाही. अशी शिक्षिका आपल्या घरातून निघत असेल तर तिला अडवायचे कशासाठी?

मात्र डोळे मिटून फॉर्म भरू नये. नुसत्या बी.ए.वर कुणी मनोरुग्णांवर उपचार करणारा तज्ज्ञ होत नाही. त्याला पुढचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. दुसरी अडचण सहसा कुणी सांगत नाही. बी.एड.ला शालेय विषयाची अध्यापनपद्धती घ्यावी लागते आणि दहावीपर्यंत मानसशास्त्र हा विषयच नाही. तो अकरावी-बारावीला आहे, आणि तिथे शिकवायला एम.ए. लागते. म्हणून बी.ए.ला मानसशास्त्राच्या जोडीला मराठी, इंग्रजी, इतिहास किंवा भूगोल ठेवावाच. पहिली ते आठवीच्या नोकरीला टीईटीही पास व्हावी लागते. बी.ए. आणि बी.एड. मिळून चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आता मोजक्या संस्थांत आहे. त्याला बारावीनंतरच वेगळी प्रवेशपरीक्षा असते.

वर्गाबाहेरही काम आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. अंमलबजावणी कशी होते ते आपण जाणतोच. तरी या कामाला माणसे लागणार, आणि त्यालाही बी.ए.च्या पुढचे शिक्षण हवेच.

कॉलेजात जाल तेव्हा मुलीला सोबत न्या आणि प्रश्न तिला विचारू द्या. तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्र शिकवतात का, प्रात्यक्षिकाची वेगळी फी किती, उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते का. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग फार लांब असते.