कॉम्प्युटर अचानक बंद पडतो, तेव्हा पुरावा कोणी द्यायचा?

ऑक्टोबर 2022 मध्ये लिनक्सच्या नव्या आवृत्तीची धांदल ऐन रंगात असताना खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्‌स यांचा कॉम्प्युटर बिनसला. चालते प्रोग्राम मध्येच कोसळू लागले, कंपायलर कारण नसताना हात टेकू लागला. पहिला संशय गेला तो नव्या कर्नलवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच सॉफ्टवेअरवर. मग त्यांनी जुना कर्नल चालवून पाहिला. गडबड होती तशीच राहिली. रात्रभर मेमटेस्ट86+ चालू ठेवला, तेव्हा चोर सापडला. अडीच वर्षे बिनतक्रार चाललेली रॅमची एक पट्टी खराब झाली होती. नवी रॅम येईपर्यंत लिनक्सचे काम लॅपटॉपवर झाले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जुळवणाऱ्या मुलावर हीच वेळ येते, तेव्हा त्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारून बघ.’ फॉरमॅट मारला जातो, फोटो आणि प्रोजेक्टच्या फायली जातात आणि चौथ्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा बंद पडतो. दुकानदार म्हणतो, रॅम बदला. रॅमवाले बोट दाखवतात मदरबोर्डकडे, मदरबोर्डवाले प्रोसेसरकडे, आणि अखेरीस सगळे मिळून घरच्या विजेकडे. ब्रँडेड कॉम्प्युटरला निदान एक धनी असतो. असेंबल्ड कॉम्प्युटरला सात-आठ असतात, आणि अडचणीच्या वेळी त्यातला एकही जागेवर सापडत नाही.

दोष शोधण्याची पद्धत वापरणाऱ्याने शिकली पाहिजे, यात शंका नाही. पण गेल्या काही वर्षांतली मोठी प्रकरणे पाहिली, तर त्यांत दोष कॉम्प्युटर जुळवणाऱ्याचा नव्हता. तो कारखान्यातून आला होता. तरीही तो सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकाच्याच डोक्यावर राहिले. हे बदलायला हवे.

आधी पद्धतीबद्दल. ‘बंद पडला’ या एका वाक्यात निदान चार वेगळे आजार लपलेले असतात. निळी स्क्रीन येऊन कॉम्प्युटर पुन्हा सुरू होणे वेगळे, चित्र गोठून राहणे वेगळे, फक्त गेम कोसळणे वेगळे आणि बटण दाबल्यासारखा क्षणात अंधार होणे वेगळे. निळ्या स्क्रीनच्या वेळी विंडोजला मरण्यापूर्वी दोन शब्द लिहायला फुरसत मिळते. ते मिनीडंप नावाच्या फोल्डरमध्ये सापडतात. क्षणात अंधार झाला, तर तेवढीही उसंत मिळत नाही. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद दिसते आणि ती पाहून अनेक जण एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, बदलायला धावतात. प्रत्यक्षात ती नोंद एवढेच सांगते की, मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. वीज गेली तरी ती येते, सगळे गोठल्यामुळे कोणी बटण दाबून धरले तरी येते. त्याच सुमारास ‘व्हीया-लॉगर’च्या नावाने काही लिहिलेले असेल, तर मात्र हार्डवेअरने स्वतः तक्रार केली आहे असे समजावे.

दुसरा नियम साधा आणि पाळायला अवघड : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम, ड्रायव्हर आणि बायोस एकाच संध्याकाळी बदलून कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला, तर कशाने बरा झाला ते कळत नाही. पुन्हा बिघडला, तर काहीच कळत नाही. दोन पट्ट्यांपैकी एक काढायची, दोन दिवस चालवायचे, मग दुसरी लावून पाहायची. बायोसमधली सगळी सेटिंग मूळ जागी आणायची. हे कंटाळवाणे आहे, पण फुकट आहे.

उष्णतेवर सगळ्यांचा पहिला संशय असतो. तो एकेकाळी रास्त होता. 2001 मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालत्या प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून दाखवला, तेव्हा पेंटियम 4 नुसता मंदावला आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन धूर सोडून जळाला. आजचे प्रोसेसर आधी वेग कमी करतात आणि अगदीच हाताबाहेर गेले तर बंद होतात. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली किंवा कूलर एका बाजूला उचललेला राहिला, असली कारणे आजही सापडतात. पण ती तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाच मिनिटांत उघडी पडतात.

विजेचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. नवी ग्राफिक्स कार्डे खोक्यावर लिहिलेल्या वॅटपेक्षा कितीतरी जास्त वीज क्षणभर ओढतात. सरासरी पाहिली तर एसएमपीएस पुरेसा वाटतो, पण तो क्षणिक झटका त्याच्या संरक्षक सर्किटला सहन होत नाही आणि ते सगळेच बंद करून टाकते. गेम ऐन रंगात आली की अंधार, आणि एरवी दिवसभर काही नाही, याचे हे नेहमीचे कारण. इंटेलने फेब्रुवारी 2022 मध्ये एटीएक्स 3.0 हे मानक आणले, ते याचसाठी : त्यानुसार नव्या पद्धतीच्या एसएमपीएसला क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद झेलता आला पाहिजे. म्हणजे अडचण खरी होती हे उद्योगाने मान्य केले. मात्र त्याआधी ‘तुमचा एसएमपीएस लहान आहे’ म्हणून ज्यांना नवा विकत घ्यावा लागला, त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

महाराष्ट्रातल्या घरांमध्ये यात इन्व्हर्टरची भर पडते. वीज तुटल्यावर चांगल्या एसएमपीएसने साधारण 17 मिलिसेकंद तग धरावी, अशी अपेक्षा असते. आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेची एक लहरच 20 मिलिसेकंदांची. इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवला असेल, तर तो विजेवरून बॅटरीवर जायला याहून जास्त वेळ घेऊ शकतो. पंख्याला ते जाणवत नाही, कॉम्प्युटर मात्र पुन्हा सुरू होतो. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ मोडचे बटण असते. हजारो रुपयांचा भाग बदलण्याआधी ते एकदा पाहावे.

इथवरचे सगळे ग्राहकाच्या हातातले. आता जे त्याच्या हातात नाही, त्याकडे वळू.

2023 च्या उत्तरार्धापासून इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांचे गेम कोसळू लागले. संदेश यायचा, ‘व्हिडिओ मेमरी संपली’. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डांवर संशय घेतला, ड्रायव्हर बदलले, कार्डे परत केली. दोष प्रोसेसरमध्ये होता. फाइल उलगडताना प्रोसेसर चुकायचा आणि त्या चुकीचे खापर मेमरीवर फुटायचे. एप्रिल 2024 मध्ये इंटेलने मदरबोर्ड कंपन्यांच्या बेबंद सेटिंगकडे बोट दाखवले. जुलैत कबूल केले की, प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोडच चुकीचे, प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये पहिली दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक. पण जो प्रोसेसर जास्त व्होल्टेजने आधीच झिजला, तो या दुरुस्तीने बरा होत नाही. तो बदलावाच लागतो.

या घटनाक्रमात सामान्य ग्राहक कुठे होता? वर्षभर तो स्वतःलाच दोष देत होता. थर्मल पेस्ट कमी लागली का, पिन वाकली का, रॅम स्वस्तातली घेतली का, हे प्रश्न त्याने स्वतःला विचारले. सर्व्हिस सेंटरकडे गेला, तर थोडा वेळ चालवून पाहून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळण्याचीच शक्यता जास्त. कारण हा आजार मागितल्यावर दर्शन देणारा नव्हता.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. जुलै 2021 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ गेमच्या चाचणीदरम्यान काही महागडी ग्राफिक्स कार्डे कायमची बंद पडली आणि सगळा राग गेमवर निघाला. कार्डे बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने परत आलेली कार्डे एक्स-रेखाली तपासली आणि काही कार्डांवरचे सोल्डरिंगच खराब असल्याचे जाहीर केले. तोवर तिने ग्राहकांना बदली कार्डे देऊन टाकली होती. शोध नंतर, कार्ड आधी. हा क्रम इतरांना अशक्य आहे असे नाही.

इंटेलच्या प्रकरणाहून खटकणारी गोष्ट रॅमच्या खोक्यावर छापलेली असते. डीडीआर5 रॅम 6000 च्या वेगाची म्हणून विकली जाते, पण मदरबोर्डवर लावली की सहसा 4800 वर चालते. छापलेला वेग हवा, तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावे लागते. जाहिरातीत त्याचे कौतुक असते, बारीक अक्षरांत मात्र याला ओव्हरक्लॉकिंग म्हटलेले असते आणि त्यामुळे प्रोसेसरची वॉरंटी जाऊ शकते असेही लिहिलेले असते. एप्रिल 2023 मध्ये एएमडीचे काही रायझन 7000 एक्स3डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले, तेव्हा काही बोर्ड एक्स्पो चालू करताच प्रोसेसरला नको तितके व्होल्टेज देत असल्याचे उघड झाले. एएमडीने मग 1.3 व्होल्टची मर्यादा घातली. जी सोय दाखवून माल विकला जातो, ती वापरली म्हणून ग्राहक दोषी कसा?

हे जुनेच दुखणे आहे. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी 2005 मध्ये लिहिले होते की, कोसळलेल्या कॉम्प्युटरांच्या अहवालांत रजिस्टरमध्ये शून्य लिहिण्यासारख्या, चुकूच न शकणाऱ्या आज्ञेवर विंडोज पडल्याचे दिसत होते. वापरणाऱ्यांशी संपर्क साधला, तर अनेकांना आपला कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केलेला आहे याचा पत्ताच नव्हता. दुकानदाराने तो तसाच विकला होता. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी 2011 मध्ये सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांचा अभ्यास मांडला. हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेला कॉम्प्युटर पुन्हा कोसळण्याची शक्यता शंभर पटींपर्यंत वाढते आणि ठरलेल्या वेगापेक्षा हळू चालवलेले प्रोसेसर लक्षणीय विश्वासार्ह ठरतात, असे त्यात दिसले. ‘एकदाच झाले ना, मग वापरत राहा’ या सल्ल्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

भारतातला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 इथे थोडी मदत करतो. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर जिल्हा आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मात्र त्याची फी तक्रारदाराने भरायची. आठवड्यातून एकदा उगवणाऱ्या दोषासाठी आठ हजारांच्या प्रोसेसरचा मालक ही वाट किती चालेल? म्हणून कंपन्यांकडे तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. मदरबोर्ड खोक्यातून बाहेर येताना प्रोसेसर कंपनीच्या मर्यादेतच चालावा आणि जास्त वेग ग्राहकाने जाणून निवडावा. खोक्यावर छापलेला वेग वॉरंटीच्या आत असावा. आणि ग्राहकाने हार्डवेअर दोषाच्या नोंदी व मेमरी चाचणीचा निकाल दिला, तर तो पुरावा धरून भाग बदलून द्यावा. काउंटरवर थोडा वेळ चालला म्हणून परत पाठवू नये.

तोवर बिले जपणे भाग आहे. इंटेलने ऑगस्ट 2024 मध्ये वर सांगितलेल्या दोषाच्या यादीतील प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांपर्यंत नेली. 13वी पिढी बाजारात आली ऑक्टोबर 2022 मध्ये. म्हणजे पहिल्या ग्राहकांची मुदत 2027 च्या अखेरीकडे संपते. खोक्यातला प्रोसेसर असेल तर दावा थेट इंटेलकडे करता येतो. खोक्याविना, ‘ट्रे’चा म्हणून थोडा स्वस्तात घेतलेला असेल, तर ज्याने विकला त्याच्याकडेच जावे लागते. बायोस कधीची आहे आणि बिलावर यातले काय लिहिले आहे, हे तेव्हाच्या ग्राहकांनी याच आठवड्यात पाहून घ्यावे.