उसना जुनेपणा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराची छायाचित्रे आज मुबलक दिसतात आणि त्यांतली बरीचशी जुनी दिसतात. काल सकाळी मोबाइलवर टिपलेली होडी पिवळट तांबूस रंगात बुडालेली असते, कडा काळवंडलेल्या असतात, कोपऱ्यात कधी ९८ सालची तारीखही असते. आमचे विद्यार्थी याला ‘कलात्मक’ म्हणतात आणि काही सहकारी माना डोलावतात. आमचा आक्षेप आहे तो या विशेषणाला. हा जुनेपणा उसना आहे, आणि कष्टाच्या जागेवर तो चढवला की छायाचित्र खोटी साक्ष देऊ लागते.

अर्थात सगळे फिल्टर एका मापाने मोजू नयेत. २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामच्या सुरुवातीच्या फिल्टरांत ‘१९७७’ नावाचा एक होता. त्याची गुलाबी-तांबूस छटा सत्तरच्या दशकातल्या रंगीत छायाचित्रांची आठवण देते. परंतु ती छायाचित्रे मुळात तशी नव्हती. अल्बमच्या अंधारात त्यांतले हिरवट निळे रंगद्रव्य इतरांच्या आधी विटले, म्हणून उरलेले चित्र तांबूस झाले. ‘एक्स-प्रो टू’ हा स्लाइडची फिल्म निगेटिव्हच्या रसायनात धुतल्यावर भडकणाऱ्या रंगांची नक्कल करतो. ‘ह्युजी कॅम’ नक्कल करतो ती वापरून टाकून द्यायच्या स्वस्त कॅमेऱ्याची, त्यात शिरणाऱ्या आगंतुक प्रकाशासकट. सेपियाची गोष्ट तर उपरोधाची आहे. छायाचित्रातल्या चांदीचे सल्फाइड झाले की ते अधिक टिकते. चित्र दीर्घकाळ राहावे हाही त्या तपकिरी रंगामागचा एक हेतू होता. आज तोच रंग जीर्णतेची खूण म्हणून विकला जातो.

काळाने केलेली झीज, रसायनांची अदलाबदल, साधनाची गरिबी आणि टिकवण्याची धडपड ही ती चार कारणे. फिल्टर कारण टाकून देतो आणि परिणाम तेवढा उचलतो. संवादांत चार ‘मुजरे’ आणि दोन ‘आज्ञा’ पेरल्या की शिवकाल उभा राहिला असे मानणाऱ्या कादंबरीकाराला आपण वर्गात झोडपतो. मग तोच व्यवहार चित्रात झाला की आपली समीक्षा गप्प का बसते?

या गर्दीत ‘गुडक’ हे कोरियन अॅप आम्हाला वेगळे वाटते. २०१७ मध्ये ते आले तेव्हा एका ‘रोला’त चोवीसच छायाचित्रे मिळत आणि ती पाहायला तीन दिवस थांबावे लागे. तेही अनुकरणच, पण त्यात जुन्या रंगाबरोबर जुना संयमही मागितला जातो. निवड करावी लागते, वाट पाहावी लागते. इतर अॅपांत यांपैकी काहीच करावे लागत नाही.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की कोणतेच छायाचित्र निखळ नसते. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच रंग सुधारतो, आणि कृष्णधवल चित्र तरी कुठे वास्तव होते? हे आम्हास मान्य आहे. पण कृष्णधवल चित्र आपल्या काळाविषयी खोटे बोलत नव्हते. ती त्या फिल्मची मर्यादा होती. रेट्रो फिल्टर मात्र ‘मध्ये वर्षे गेली’ असे विधान करतो, आणि ते विधान असत्य असते.

मिरकरवाड्यात या असत्याची किंमत मोजता येते. मासे विकणारी बाई आणि घेणारे गिऱ्हाईक दोघेही रंग वाचतात: लाल कल्ले, स्वच्छ डोळा, बांगड्याच्या पाठीवरची निळसर हिरवी झाक. फिल्टर कल्ले फिके करतो. म्हणजे आमचे रसिक छायाचित्रकार ताजी मासळी शिळी करून दाखवतात. नायलॉनची जाळी, फायबरच्या होड्या, प्लास्टिकचे क्रेट, डिझेल, बर्फ हा या बंदराचा वर्तमान. त्यावर तांबूस पडदा ओढला की राबणारी माणसे आजोबांच्या काळातली वाटू लागतात, आणि त्या काळातल्या माणसांना ना कर्ज असते, ना मासेमारीबंदीची झळ. २०२५ च्या जानेवारीत याच बंदराच्या जागेतली अनधिकृत ठरवलेली बांधकामे प्रशासनाने पाडली. ती कारवाई योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण त्याआधी तिथे काय उभे होते हे ज्या छायाचित्रांतून समजायचे, त्यांतल्या कोपऱ्यात ९८ साल छापलेले असेल, तर उद्याच्या अभ्यासकाने कशावर विश्वास ठेवायचा?

स्मरणरंजनाला आमचा विरोध नाही. मात्र त्यासाठी आधी स्मरण असावे लागते. विशीतल्या मुलाला १९७७ आठवत नाही, त्याला त्या रंगाची केवळ सवय लावलेली असते. म्हणून आमची मागणी साधी आहे. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांनी आणि प्रदर्शनांनी गावाची, बंदराची छायाचित्रे मूळ रंगांत आणि खऱ्या दिनांकासह घ्यावीत. फिल्टर लावायचाच असेल, तर त्याचे नाव चित्राखाली छापावे. आणि मराठीच्या अध्यापकांनी, निदान आपल्या वर्गात, विटलेल्या रंगाला ‘कलात्मक’ म्हणण्याआधी तो कशाने विटला हे विचारावे.