औषधाची चिठ्ठी म्हणजे माफीनामा नव्हे



बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील आपल्या जुन्या घरांत डॉक्टरला आजही देवमाणूस मानतात. मान द्यायला आमची हरकत नाही. पण त्या मानाच्या आडून बेफिकीर औषधे लिहिणारा मोकळा सुटावा, हे आम्हाला मान्य नाही.

गुडघेदुखीच्या म्हातारीला साखर न तपासताच स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. दोन दिवसांत दुखणे थांबते, डॉक्टरचे गावभर नाव होते. पुढे पुन्हा पुन्हा तेच. साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि दोष नशिबाला!

कलबुर्गी जिल्ह्यात तर पोटदुखीवर सरळ गर्भाशय काढण्याचाच सल्ला दिला गेला. गरीब लंबाणी व दलित बायकांच्या या अनावश्यक शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१५ साली उघडकीस आले. सरकारी चौकशी झाली, तरी २०१७ मध्ये या बायकांना न्यायासाठी पुन्हा रस्त्यावर यावे लागले.

कायदा नाही असे नाही. मुंबईत होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली व रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्याची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवले आणि विधवेला तीन लाखांची भरपाई दिली.

पण ही भरपाई झाली. शिक्षेचे काय? २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी खटल्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली. तपास अधिकाऱ्याने आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, सरसकट अटक करू नये, असेही सांगितले. प्रामाणिक डॉक्टरला हे संरक्षण हवेच. निदान चुकणे ही चूक. धोका माहीत असून न तपासता औषध लिहिणे ही बेफिकिरी. दोन्हींना एकच ढाल कशी चालेल? शिवाय मत देणाराही त्याच व्यवसायातला!

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडले तर नोंदणीकृत डॉक्टरला मात्र दोनच वर्षांपर्यंत. लॉरीच्या ड्रायव्हरला एक माप, डॉक्टरला दुसरे! जीव वाचला पण कायमची इजा झाली, तर कलम १२५ आहे, हेही लक्षात ठेवावे.

आमची मागणी साधी आहे. पोलिसांना लागणारे वैद्यकीय मत दुसऱ्या जिल्ह्यातील सरकारी डॉक्टरांनी तीस दिवसांत द्यावे आणि कारणांसह त्याची प्रत तक्रारदाराला मिळावी.

आपणही जागे राहिले पाहिजे. प्रत्येक चिठ्ठी व औषधाचे बिल जपून ठेवा. दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत देणे, हे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरचे कर्तव्य आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. उदगीर, लातूर, सोलापूरला उपचार घेतले असतील तर तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे, इकडच्या डॉक्टरची कर्नाटक वैद्यकीय परिषदेकडे. बेंगळुरू दूर आहे, कन्नड येत नाही, म्हणून गप्प बसू नका. कन्नड जाणणारी मुले आता घरोघरी आहेत.

देवमाणसाला हिशेब विचारणे म्हणजे पाप नव्हे. जो खरा असेल, तो हिशेब देईलच.