प्रतिष्ठित कोण?

१९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो ‘केसरी’तल्या मराठी लेखांसाठी. ज्यूरीत मात्र सात युरोपीय आणि दोन पारशी. मराठी माणूस एकही नाही. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. ज्यूरी निवडली तेव्हाच निकाल लागला होता, असे आपण आजही चिडून म्हणतो.

पुढे ज्यूरी बंद झाली. पण निवड थांबली का? घरझडतीला पोलीस पंच नेतात. ते त्या भागातले ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित’ रहिवासी असावेत, असे कायदा सांगतो. २०२३ च्या नव्या संहितेतही हीच अट आहे.

इंदापूर तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवर झडतीनंतर मी गेले होते. भांडी, चिंध्या बाहेर पडलेल्या. पंच म्हणून गावातले दोन बागाईतदार पुरुष आले होते. एक म्हातारी म्हणाली, “बाई, आमच्यातलं कुणी पंच चालत न्हाई व्हय?”

मला उत्तर देता आले नाही. खटला बारामतीच्या कोर्टात उभा राहील, तेव्हा त्याच दोघांचा शब्द खरा धरला जाईल.

पारध्यांवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला. ‘प्रतिष्ठित’ माणूस शोधताना तो पुन्हा दिसतो. पारधी बाईला पंच करू नये, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. त्याच घरातली नको, शेजारच्या वस्तीवरची बोलवा. ही मागणी घेऊन आपण पोलीस ठाण्यात जायला हवे.

म्हातारीला उत्तर द्यायचे राहिले आहे.