सोन्याचे आणि सोनेरी

इंग्रजीत ‘गोल्ड’ आणि ‘गोल्डन’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातील अंतर आपण समजतो त्याहून मोठे आहे. वस्तू सोन्याची घडविलेली असेल तर ती ‘गोल्ड चेन’. रंगाने किंवा गुणाने सोन्यासारखी असेल तर ‘गोल्डन’. केस गोल्डन, संधी गोल्डन, पन्नासावे वर्ष गोल्डन ज्युबिली. जुन्या इंग्रजी काव्यात ‘गोल्डन’ धातूसाठीही येतो, आणि ‘गोल्डफिश’मध्ये गुंजभर सोने नसूनही ती ‘गोल्ड’च राहते, पण आजच्या व्यवहारात हा भेद बहुतेक पाळला जातो. मराठीने तो अधिक चोख ठेवला आहे. ‘सोन्याची’ बांगडी तारण ठेवून कर्ज मिळते, ‘सोनेरी’ बांगडी घेऊन आलेल्यास मूल्यांकक नम्रपणे परत पाठवितो.

घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या पेढीवर ‘सोने’, ‘सोनुं’ आणि ‘गोल्ड’ हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात कानी पडतात. त्यांचे कूळ पाहू गेल्यास गंमत वाटते. आपले ‘सोने’ आले ‘सुवर्ण’वरून, म्हणजे चांगल्या वर्णाचे. इंग्रजी ‘गोल्ड’ मात्र ‘यलो’चा सख्खा भाऊ, आणि त्याच प्राचीन मुळातून संस्कृतातील ‘हरित’ व ‘हिरण्य’ निघाले. तेव्हा ‘गोल्ड’ हा ‘सोन्या’चा नव्हे, ‘हिरण्या’चा नातलग. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना हिरण्य आणि सुवर्ण हे शेजारी शेजारी, पण निराळे मोजले आहेत. टीकाकारांनी हिरण्याचा अर्थ व्यवहारात चालणारे रुपे-नाणे असा केला आणि सुवर्ण म्हणजे धातू. आपण ‘सोनेनाणे’ म्हणतो त्यात हाच जोड दिसतो.

इंग्रजीने ‘गोल्डन’ची उधळण किती केली आहे! ‘गोल्डन हँडशेक’ घ्या. सार्वजनिक बँकांत २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ती घेतली. ज्याच्या मुलांची शिक्षणे आटोपली होती त्याला हस्तांदोलन खरोखर सोनेरी वाटले. ज्याचे घराचे हप्ते चालू होते त्याला ते फक्त हस्तांदोलन वाटले. मला हा शब्द कधी आवडला नाही. निरोपाला मुलामा देण्याचे काम तो करतो.

उलट ‘गोल्डन अवर’ हा शब्द मोलाचा आहे. अपघातात गंभीर इजा झाल्यानंतरचा पहिला तास, ज्यात उपचार मिळाले तर प्राण वाचण्याची शक्यता सर्वाधिक, असा त्याचा अर्थ मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने लिहिला गेला. सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच दुरुस्तीने सांगितले. पश्चिम द्रुतगती मार्गावर रोज प्रवास करणाऱ्यांनी एवढे तरी पाठ ठेवावे.

‘गोल्ड स्टँडर्ड’ची कथा आणखी निराळी. नोटेच्या बदल्यात ठरावीक सोने देण्याची सरकारची हमी, हा त्याचा मूळ अर्थ. ब्रिटनने ती हमी १९३१ मध्ये सोडली, आणि डॉलरचा सोन्याशी उरलेला दुवा अमेरिकेने १५ ऑगस्ट १९७१ रोजी तोडला. पद्धत गेली, शब्द राहिला. आज डॉक्टर एखाद्या तपासणीस ‘गोल्ड स्टँडर्ड’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘निकष’ हा शब्द तयारच आहे. निकष म्हणजे सोने घासून पाहण्याचा काळा दगड, आपली कसोटी. इंग्रजीने सोन्याला मानदंड केले, आपण सोन्याला पारखणाऱ्या दगडाला केले. मला आपला शब्द अधिक सावध वाटतो.

‘घरातले सोने गहाण पडले’ या मराठी वाक्यात जी लाज आहे ती इंग्रजी ‘गोल्ड प्लेज’मध्ये उतरत नाही. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने सहार विमानतळावरून, म्हणजे आपल्या अंधेरीहून, परदेशी पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे चाळीस कोटी डॉलर उभे केले. हिशेबाच्या दृष्टीने तो तारणावरील अल्पमुदतीचा व्यवहार होता आणि कर्ज लवकरच फिटले. पण देशाने ते वृत्त बँकिंगच्या भाषेत वाचले नाही, मंगळसूत्राच्या भाषेत वाचले. पुढे २००९ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले, तेव्हा अनेकांना पहिली आठवण १९९१ ची झाली.

अंधेरीवरून आठवले. तेथे ‘सीप्झ’ आहे. नावात सांताक्रूझ आणि इलेक्ट्रॉनिक्स, जागा अंधेरी पूर्वेची, आणि ख्याती हिरे व दागिन्यांच्या निर्यातीची. तीन शब्दांतले किती खरे मानायचे ते वाचकांनी ठरवावे.

आता बाजाराकडे वळू, कारण शब्दाचा अर्थ चुकल्यास पैसे तेथेच जातात. मालाडच्या इमिटेशन बाजारात ‘वन ग्राम गोल्ड’चे हार मिळतात. नाव एक ग्रॅमचे असले तरी हारात एक ग्रॅम सोने असेलच असे नाही. तो पितळेवरचा किंवा तांब्यावरचा मुलामा असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ‘केडीएम’ हा शब्द तर आपल्या घरांत वर्षानुवर्षे शुद्धतेचे प्रमाणपत्र म्हणून वापरला गेला. प्रत्यक्षात तो डाग देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅडमियमचा उल्लेख होता आणि त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक ठरल्याने ती पद्धत मागे पडली. ‘कॅरट’ हिऱ्याला लावला तर वजन, २०० मिलिग्रॅम. सोन्याला लावला तर चोवीस भागांतील शुद्ध भाग. म्हणून २२ कॅरट म्हणजे ९१६. ‘हॉलमार्क’मधील ‘हॉल’ लंडनच्या सुवर्णकार संघाचा. पंधराव्या शतकात दागिने तेथे नेऊन ठसा मारून घ्यावा लागे. आपल्याकडे १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क अनिवार्य झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदारास विकता येत नाही.

कागदावरचे सोनेही तपासून घ्यावे. सरकारच्या सुवर्ण रोख्यात सोने नसते, सोन्याचा भाव असतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये २,६८४ रुपये ग्रॅमने दिलेला पहिला रोखा नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी फेडला गेला, शिवाय व्याज. पण कोणाच्या हाती कणभर धातू आला नाही, येणारही नव्हता. तेथे हमी सरकारची होती, म्हणून चालले. सराफाच्या मासिक हप्त्यांच्या योजनेत तशी हमी नाही. पासबुकावर ‘गोल्ड’ शब्द ठळक असतो, परंतु हप्ते भरणारी गृहिणी तोवर सोन्याची मालक नसते. ती त्या दुकानाची विनातारण धनको असते. दुकानाला कुलूप लागले तर रांगेत तिचा क्रमांक बँकेच्या मागे. या योजना बहुधा अकरा महिन्यांच्या का असतात, तेही कळून घ्यावे: मालासाठी घेतलेला आगाऊ पैसा कंपनीकडे ३६५ दिवसांपलीकडे राहिला तर कायदा त्याला ‘ठेव’ मानतो, आणि ठेवीचे नियम कडक आहेत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, उपनगरातील एका शाखेत दोन बहिणी आईचे लॉकर उघडण्यास आल्या. आत दागिन्यांच्या पुरचुंडीबरोबर आईच्या हातची चिठ्ठी होती: थोरलीला दहा तोळे, उरलेले धाकटीला. आमच्या मूल्यांककाच्या काट्यावर सारे मिळून १९० ग्रॅम भरले. धाकटी म्हणाली, तोळा म्हणजे दहा ग्रॅम, ताईचे शंभर झाले. थोरलीने मान हलविली. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्या हिशेबाने तिचे ११६ ग्रॅम होत होते आणि धाकटीकडे ९० ऐवजी जेमतेम ७३ राहत होते. दोघीही खोटे बोलत नव्हत्या. सराफ बाजाराने दशमान पद्धतीनंतर दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्यास सुरुवात केली आणि शब्द तोच ठेवला, त्याचा हा परिणाम. पुरचुंडीत पाटल्यांची एक जीर्ण पावती निघाली, तिच्यावर तोळे, मासे, गुंजा. चार तोळ्यांच्या म्हणून नोंदलेल्या त्या पाटल्या काट्यावर साडेसेहेचाळीस ग्रॅम भरल्या. म्हणजे पावतीवरचा तोळा जुना. पण चिठ्ठी पुष्कळ नंतरची होती, आणि तोवर आई नव्या तोळ्यानेच सोने घेत होती, असे धाकटीचे म्हणणे. त्या दिवशी लॉकर पुन्हा बंद झाले. दोन महिन्यांनी दोघी आल्या आणि वादातले सोळा ग्रॅम निम्मे-निम्मे करून गेल्या. बोलणे मात्र बेताचेच होते.

तेव्हापासून मृत्युपत्र किंवा दागिन्यांची यादी लिहिणाऱ्या परिचितांना मी एवढेच सांगतो की ‘तोळा’ हा शब्द बोलण्यात ठेवा, कागदावर नको. कागदावर ग्रॅम लिहावेत, तेही खडे, लाख, मोती वगळून निव्वळ वजन. पुढे ९१६ की ७५० तो आकडा, नव्या दागिन्याचा एचयूआयडी क्रमांक, आणि वजन केल्याची तारीख. दागिन्याचे नाव लिहिताना ‘पाटल्या, जोडी एक’ असे स्पष्ट लिहावे, नुसते ‘सोने’ लिहू नये. यादीच्या दोन प्रती करून एक लॉकरबाहेर ठेवावी.