तेरा बाय दहाची माती
अंबरनाथच्या मोरिवलीसारख्या औद्योगिक वसाहतीला खेटलेल्या गावाला आपला कबड्डी संघ हवाच, असं मी आग्रहाने म्हणतो. पूर्वी मुंबईच्या गिरणगावात दिवसभर साच्यावर राबलेला कामगार संध्याकाळी मातीत उतरला की अख्खी चाळ त्याच्यामागे उभी राहायची. चांगल्या चढाईपटूला खेळाच्या जोरावर नोकरीही मिळे. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्यांचा तो आधार ढासळला. पुढे १९९०मध्ये कबड्डी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोचली, २०१४पासून प्रो कबड्डीने ती घराघरांत नेली, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण खेळाडू घडतात ते गल्लीतच. सात जणांच्या संघाला १३ बाय १० मीटरचं मैदान पुरतं. अंबरनाथ नगरपरिषदेने प्रत्येक वस्तीत एवढी जागा राखावी, आणि तिथे गाड्या लावू देऊ नयेत.